तुतीचे खत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘युरिया जितका जास्त, तितके रेशीम जास्त’ हा तुतीच्या खतांबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच तो सहज जात नाही. रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइन आणि सेरिसिन ही दोन प्रथिने. ही प्रथिने रेशीम अळी मुख्यतः तुतीच्या पाल्यातल्या प्रथिनांपासून बनवते, आणि पाल्यात प्रथिने तयार व्हायला नत्र लागते. मात्र नत्र गरजेपेक्षा जास्त झाले की पान गर्द हिरवे, लुसलुशीत, पाणीदार होते आणि त्यातले पिष्टमय पदार्थ घटतात. बाग दिसायला झकास दिसते, पण हा पाला मोठ्या अळ्यांना मानवत नाही. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते, त्यातला सुमारे ८० टक्के पाला पाचव्या अवस्थेतच खाते. त्यामुळे पाल्यातला दोष नेमका तिथे महागात पडतो. अळ्या रोगाला लवकर बळी पडतात आणि कोषाचे कवच पातळ राहते.

कोवळा पाला सगळ्याच अळ्यांना चांगला, ही समजूतही याच चुकीला खतपाणी घालते. कोवळे, रसदार पान चॉकीच्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांतल्या अळ्यांसाठी योग्य. पुढे मात्र पक्व पानच हवे.

तुती बहुवर्षायू आहे, म्हणून वर्षातून एकदा खत पुरते, हेही खरे नाही. दर छाटणीला बाग जमिनीतून अन्नद्रव्ये उचलते. बागायती व्ही-१ वाणासाठी हेक्टरी वर्षाला ३५० किलो नत्र, १४० किलो स्फुरद, १४० किलो पालाश आणि २० टन शेणखत अशी शिफारस आहे. वर्षाला पाच पिके धरली तर दर पिकाला ७० किलो नत्र येते. ते सगळे युरियातून द्यायचे झाल्यास एकरी साधारण ६० किलो युरिया लागतो. माती परीक्षणानुसार हे आकडे बदलावेत. शेणखत वगळून फक्त रासायनिक खतांवर बाग काही वर्षे चालते, पण जमिनीचा कस टिकत नाही.

पान पिवळे पडले की युरिया टाकण्याची घाई होते. आधी पान नीट पाहावे. खालची जुनी पाने सबंध पिवळी पडत असतील, तर नत्र कमी असण्याची शक्यता असते. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी आढळते. तिथे युरिया कामाचा नाही, फेरस सल्फेटची फवारणी लागते.

अळ्यांची विष्ठा आणि उरलेला पाला हे उत्तम सेंद्रिय खत आहे, पण ते ताजेच बागेत पसरणे धोक्याचे आहे. रोगट बॅचमधले जंतू त्यातून पाल्यावर आणि तिथून पुन्हा संगोपनगृहात पोहोचतात. म्हणून हा कचरा बागेपासून दूर खड्ड्यात पूर्ण कुजवावा आणि मगच वापरावा.