उसना पोशाख, स्वतःचें धैर्य

सौंदर्यस्पर्धा म्हणजे रूपाचें प्रदर्शन व परस्परांचा मत्सर, असा समज सुशिक्षित घरांतहि आढळतो. तो सर्वस्वीं निराधार नाहीं. परंतु अपुरा आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकणारी रीटा फारिया ही गोमंतकीय कुळांतील तरुणी १९६६ सालीं ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धेसाठीं लंडनला गेली. जवळ अवघे ३ पौंड. साडी मागून आणलेली. पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटा हिचा. पर्सिस ही आदल्याच वर्षींची ‘मिस इंडिया’. तो पोशाख रीटाच्या उंचीला पुरला नाहीं, तेव्हां त्या पौंडांतून नवा घ्यावा लागला. पोशाख अपुरा पडला; पण आधीं त्या वाटेनें गेलेलीनें मागून येणारीला हात दिला, हा भगिनीभाव अपुरा नव्हता.

रीटा जिंकली, तो मुकुट मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. वर्षभराचा मान संपतांच मात्र चित्रपटांचीं बोलावणीं नाकारून ती वैद्यकाकडे वळली व डॉक्टर झाली.

श्रोतेहो, आत्मविश्वास मुकुटांत नसतो. परक्या सभेंत ताठ उभें राहिल्यानें आणि पाठीशीं कोणी सखी आहे या जाणिवेनें तो येतो. व खरा असेल, तर मुकुट उतरवून ठेवण्याचेंहि बळ देतो.