चंद्र, कॅमेरा आणि ससा

कळसाडीत थंडीच्या दिवसांत रात्री व्याख्यान ठेवायचं आणि लोकांनी शाली, गोधड्या पांघरून यायचं, ही मोठीच गोष्ट आहे.

आजचे प्रश्न दोन. हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो नीट कसा काढायचा, हा पहिला. आणि चंद्रातला ससा, चांदोमामा, ग्रहणातला राहू या ज्या गोष्टी आपण ऐकत आलो, त्यांचं फोटो काढल्यावर काय करायचं, हा दुसरा. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे. पण पहिला सुटल्याशिवाय दुसरा नीट विचारता येत नाही, म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासून करू.

फोटोत पांढरा ठिपका का येतो?

हा अनुभव सगळ्यांचा आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, आपण सारंगखेड्याच्या यात्रेत असतो. घोडेबाजार बघून झाला, एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, आणि तापीच्या वरच्या अंगाला, जरा उत्तरेकडे कललेला असा मोठा पिवळा चंद्र उगवतो. आपण मोबाइल काढतो. फोटोत येतो एक पांढरा ठिपका, लांबचा बल्ब असावा तसा. याची कारणं दोन: एक आकाराचं, दुसरं उजेडाचं.

आधी आकार. हात लांब करून करंगळी चंद्रावर धरा. चंद्र करंगळीआड जातो आणि करंगळी उरते. करंगळीची रुंदी साधारण एक अंश, चंद्राची अर्धा अंश. लेन्सचं नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला ११० ने भागा. आलेला आकडा म्हणजे कॅमेऱ्याच्या आत पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेची रुंदी. २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर प्रतिमा दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ६०० ची असेल तर साडेपाच मिलिमीटर. मोबाइलची साधी लेन्स तर खूप मोठा पसारा पाहते, तिथे चंद्राच्या वाट्याला काय येणार?

आता उजेड. कॅमेऱ्याला वाटतं, चहूकडे काळोख आहे, झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवू. पण बघा, रात्र आपल्याकडे आहे. चंद्राच्या ज्या अंगाकडे आपण बघतो, तिथे त्या वेळी भर दिवस असतो. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. आणि दगडही कसा, तर पडणाऱ्या उजेडातला सुमारे १२ टक्केच परत पाठवणारा, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यासारखा. काळ्याभोर आकाशापुढे तो आपल्याला चांदीसारखा वाटतो, एवढंच.

म्हणून छायाचित्रकारांचा एक सोपा ठोकताळा आहे: छिद्र एफ/११, आयएसओ १००, वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. जवळजवळ दिवसाच्या फोटोचीच मापं. अमेरिकेतले अॅन्सेल अॅडम्स १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जात होते. गावावर चंद्र, खाली क्रुसांवर मावळतीचं ऊन, आणि उजेड मोजायचं मीटर काही सापडेना. चंद्राच्या पृष्ठभागाची उज्ज्वलता किती, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनात हिशेब करून त्यांनी फोटो घेतला, आणि तो जगभर गाजला.

मोबाइलवर काय करायचं? आधी झूम करा. पडद्यावर चंद्रावर बोट टेकवा, आणि शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह आलं की ते खाली ओढा. आकाश काळंठिक्कर होईल, होऊ द्या. चंद्रावरचे डाग दिसू लागले की थांबा. मोबाइल हातात धरू नका, तिपाईवर नाहीतर भिंतीला टेकवून ठेवा आणि टायमर लावा. चंद्र दोन मिनिटांत आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे मोठ्या झूममध्ये तो चौकटीबाहेर पळतो. मधून मधून पुन्हा नेम धरावा लागतो.

आपल्या भागातली अडचण दवाची. ऊस-केळीला पाणी दिलेलं असतं, रात्री ओल वर येते आणि काचेवर बसते. कोरडं सुती फडकं जवळ ठेवा. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. तोरणमाळ किंवा डाबकडे जाणार असाल तर जास्तच, तिथे कधी कधी दव गोठतं. आणि कॅमेरा घरात आणण्याआधी पिशवीत बंद करा, नाहीतर उबेत आल्या आल्या काचेवर पाणी धरतं.

चंद्राबरोबर डोंगर, देऊळ, झाडही हवं असेल तर चतुर्दशीची संध्याकाळ साधा. त्या दिवशी चंद्र सूर्य मावळण्याआधीच वर आलेला असतो आणि जमिनीवरही उजेड असतो. पौर्णिमेच्या मध्यरात्री मात्र एक तर चंद्र मिळतो, नाहीतर गाव मिळतं. दोन्ही एका फोटोत मिळत नाहीत.

हिवाळ्याचाच चंद्र का?

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, भर दुपारीही आपल्याकडे तो अर्ध्या उंचीवरच राहतो. म्हणून समोरचा चंद्र तितकाच वर चढतो. आपण साडेएकवीस अक्षांशाच्या आसपास राहतो, त्यामुळे या पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. अंगणात उभे राहा, तुमची सावली पायाशी गोळा झालेली दिसेल. जूनमध्ये उलट, पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून खालूनच जातो.

आणि महिन्याचं नाव बघा. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष, पुष्याजवळ असतो तो पौष, मघांजवळ असतो तो माघ. अलीकडे बातम्यांत ‘कोल्ड मून’, ‘वुल्फ मून’ वाचायला मिळतं. ती उत्तर अमेरिकेतली नावं, त्या बर्फाळ मुलखाला शोभणारी. आपल्या नावांत मात्र निरीक्षण नोंदवून ठेवलंय. कुणीतरी वर्षानुवर्षं थंडीत जागून चंद्र कोणत्या ताऱ्यांपाशी भरतो ते पाहिलं, तेव्हा ही नावं पडली. लोकपरंपरा म्हणजे नुसती भोळी समजूत नव्हे, हे इथेच लक्षात घ्या.

आता ससा

तुमचा फोटो नीट आला की त्यात डाग दिसतात. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, म्हणून विवरं नीट दिसत नाहीत. ती बघायची तर अष्टमीचा चंद्र बरा. पण डाग बघायला पौर्णिमेसारखी रात्र नाही. त्या डागांवरूनच चंद्राला शशांक म्हणतात, मृगांकही म्हणतात. जातककथेत अतिथीला द्यायला काही नाही म्हणून ससा स्वतः आगीत उडी घेतो आणि शक्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. चीनमध्ये तोच ससा औषध कुटतो. युरोपात त्याच डागांत माणूस दिसतो.

डाग म्हणजे काय? प्राचीन लाव्हाची मैदानं. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथले दगड आणले, त्यात बेसाल्ट होता. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. तोरणमाळचं पठार याच जातीच्या खडकाचं आहे. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, चंद्रावरचा बहुतेक ३०० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे ससा आणि सातपुडा एकाच जातीच्या दगडाचे निघाले.

मग ससा खोटा ठरला का? इथे घाई करू नका. उगवता चंद्र मोठा दिसतो, हे घ्या. फोटोत मोजलं तर क्षितिजावरचा आणि डोक्यावरचा चंद्र सारखाच भरतो. उलट क्षितिजावर तो आपल्यापासून सहा हजारांवर किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणजे किंचित लहानच. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानं हेच उदाहरण घेतलं होतं: खगोलशास्त्रज्ञालाही उगवता चंद्र मोठाच दिसतो, पण तो त्यानं फसत नाही. दिसणं थांबत नाही, फसणं थांबवता येतं. आपल्याकडच्या तार्किकांनी डोळ्याच्या दोषामुळे दिसणाऱ्या दोन चंद्रांचा दाखला याच वादासाठी वापरला.

आणि कॅमेरा तरी निव्वळ साक्षीदार आहे का? २०२३ साली एका माणसानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवलं आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो घेतला. मूळ चित्रात नसलेले बारकावे फोटोत आले. कंपनीनं सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या माहितीवरून तपशील सुधारतो. म्हणजे फोनलाही आठवणीतला चंद्र दिसतो! मग आजीलाच का हसायचं?

फांदी आणि चंद्र

आपल्या शास्त्रकारांकडे यासाठी एक सुंदर दृष्टांत आहे, शाखाचंद्रन्याय. लहान मुलाला चंद्र दाखवायचा तर आपण म्हणतो, तो बघ, त्या फांदीवर. चंद्र फांदीवर नसतो, हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं. पण फांदीमुळे नजर वळते. एकदा चंद्र दिसला की फांदी सोडायची.

लोककथा ही अशी फांदी आहे. ससा, चांदोमामा, ‘कोण जागं आहे’ असं विचारत फिरणारी कोजागरीची लक्ष्मी, यांनी पिढ्यान्‌पिढ्या मान वर करायला लावली. जी कथा तुम्हाला अंगणात आणते, ती जपा.

पण काही समजुती दार लावून घ्यायला सांगतात. ग्रहणात गरोदर बाईनं पाणी प्यायचं नाही, जेवायचं नाही, विळी धरायची नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण भारतभर दिसलं, तेव्हाही किती घरांत हे झालं असेल! बाळाचा ओठ गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडतो. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी संबंध काय? ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या ग्रंथात सांगितलंय. हे ज्ञान बाहेरून आलेलं नाही, आपलंच आहे. आणि आपला जिल्हा कुपोषणाशी झगडतोय. इथे पोटुशी बाईला तासन्‌तास उपाशी बसवणं ही श्रद्धा नाही, इजा आहे. चंद्र सोडून फांदीच धरून बसलं की असं होतं.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. कथा ऐकून माणूस चंद्राकडे बघायला बाहेर येतो की घरात कोंडला जातो? पहिली कथा नातवंडांना सांगा. दुसरी सुनेवर लादू नका.

येत्या पौर्णिमेला कॅमेरा, मोबाइल जे असेल ते घ्या. एकानं फोटो काढावा, दुसऱ्यानं मुलांना सशाची गोष्ट सांगावी, आणि गोष्ट संपली की तो ससा कोणत्या दगडाचा आहे तेही सांगावं. मुलांना दोन्ही पेलतं. आता चहा आलाय, प्रश्न चहाबरोबर घेऊ.