घरी सोडताना आजींनाही विचारा

गेल्या महिन्यात ७४ वर्षांच्या एका आजींना मुलगा व सून रिक्षातून दवाखान्यात घेऊन आले. अंगणात घसरून खुब्याचे हाड मोडले होते. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम गोळा बसवला होता आणि आठव्या दिवशी घरी सोडले होते. शस्त्रक्रिया उत्तम, जखम कोरडी. तक्रार एवढीच, की आजी पाणी पीत नाहीत. लघवीला जळजळ, शौचास खडा, उभे राहिले की चक्कर.

"विचारलं तर काही सांगतच नाहीत," सून म्हणाली. दोघांना बाहेर बसवले तेव्हा आजी बोलल्या. "संडास परसात. उकिडवं बसायचं नाही म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय. मग रात्री-अपरात्री पोराला उठवायचं का? त्यापरीस पाणीच नको."

"हे तिथे सांगितलं नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही. डॉक्टर पोराशी बोलले, दारात उभं राहून."

वाचकहो, त्या डॉक्टरांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मीही कित्येकदा हेच केले आहे. रुग्ण कानाने अधू, मुलगा शिकलेला आणि घाईत. मग सोयीचा माणूस गाठून मोकळे व्हायचे. ज्या बाईने चाळीस वर्षे घर चालवले, तिचा शब्द आठ दिवसांत असा खाली पडतो.

याला शरीराचेही कारण आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस नुसते झोपवून ठेवले, तर पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. आजारी माणसाचे काय होत असेल? पाय लटपटले की मनही कचरते; "तुम्ही म्हणाल तसं" एवढेच तोंडातून निघते. शिवाय खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ वृद्ध एक-दोन रात्री बरळतात, माणसे ओळखत नाहीत, सलाईन उपसतात. याला डिलिरियम म्हणतात. बऱ्याच जणांचा तो काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात. पण घरच्यांच्या मनात "आईला आता काही कळत नाही" हे पक्के बसते. भ्रम उतरतो, शिक्का राहतो. म्हणून सोडण्याच्या दिवशी पुन्हा शांतपणे विचारायला हवे. त्याआधी चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र घरून आणा. दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याने मत काय द्यायचे?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क नमूद आहे. हा हक्क रुग्णाचा आहे. नातेवाईक सोबतीला असावेत, रुग्णाच्या जागी नव्हे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी डॉक्टर किंवा सिस्टर खाटेपाशी असताना आजी-आजोबांनाच सांगू द्या, की घरात पायऱ्या किती, झोपायचे कुठे, रात्री उठवायचे कुणाला. जुन्या गोळ्यांची पिशवीही न्या. याच आजींच्या पिशवीत रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ही एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली. त्या दोन्ही घेत होत्या. चक्कर थोडी त्याचीही होती. आणि सगळे समजावून झाल्यावर, "आता घरी गेल्यावर काय कराल, ते मला सांगा," असे आजींनाच म्हणावे. दोन मिनिटे लागतात. नुसती मान हलवली म्हणजे समजले असे धरू नये. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांपुढे मान सगळेच हलवतात.

आजींसाठी कमोडची खुर्ची आणायचे ठरले. शस्त्रक्रियेची वस्तू मिळते त्या दुकानात ती विकत मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. मुलगा म्हणाला, "माजघरात ठेवू, जवळ पडेल." आजी प्रथमच ठासून बोलल्या, "माजघरात देव आहेत. मागच्या पडवीत ठेव, न्हाणीच्या दाराशी. आणि तिथला दिवा रातभर चालू राहू दे." खुर्ची पडवीत आहे. परवा पाहिले, उशाशी पाण्याचा तांब्या होता, अर्धा रिकामा.