आंब्यात अळी जाते कुठून? (भागाचं लिखित रूप)

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे इयरफोन नेहमीप्रमाणे हरवलेत त्यांच्यासाठीही, हे लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत. सगळे नाही.

तर आज आंबा. आमच्याकडे कोकणात एक नियम आहे: पहिला पाऊस पडला की आंबा खायचा नाही. का, तर किडे पडतात. आजीला विचारलं, पावसाचा आणि किड्यांचा काय संबंध? ती म्हणायची, "पाणी लागलं की होतात." मी बरीच मोठी होईपर्यंत मला खरंच वाटायचं की आंबा भिजला की त्याच्या आत आपोआप अळ्या तयार होतात.

आता हा विषय का काढला? आमच्या घरामागे एक रायवळ आंबा आहे. कुणी लावलेला नाही, कोयीतून उगवलेला. फळ लहान, रेषा भरपूर, पण रस असा की वाटीला तोंड लावून प्यावा. काही वर्षांपूर्वी अशी वेळ आली की दहा आंबे कापले तर पाच-सहा आतून सडलेले, पांढऱ्या अळ्या वळवळतायत. बाबा म्हणाले, "तोडून टाकू. लाकडाचे तरी पैसे येतील." मी म्हटलं, मला एक-दोन वर्षं द्या.

आधी एक गैरसमज काढू. अळी कोयीतून बाहेर येत नाही. कोयीत सापडतो तो काळा भुंगा, कोयकिडा, तो वेगळा प्राणी. आणि मोहोरावर चिकट करतात ते तुडतुडे, तेही वेगळे. गरातल्या पांढऱ्या अळ्या फळमाशीच्या. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस हे तिचं शास्त्रीय नाव. आकार साधारण घरातल्या माशीएवढा, पण पाठीच्या दोन बाजूंना पिवळ्या पट्ट्या आणि पंख काचेसारखे. पहिल्यांदा बघणाऱ्याला छोटी गांधीलमाशी वाटते.

मादीच्या शेपटाकडे सुईसारखा अवयव असतो. ती पिकायला लागलेल्या फळाच्या सालीत तो खुपसते आणि आत अंडी घालते. बाहेरून दिसतो फक्त एक बारीक ठिपका, कधीकधी त्यातून चीक आलेला. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, अळ्या आठवडाभर किंवा थोडं जास्त गर खातात. तोवर फळ मऊ पडून खाली येतं. मग अळी फळातून बाहेर पडते (ही अळी उडीसुद्धा मारते, शरीर वाकवून टणकन, कापलेल्या आंब्यातून ताटाबाहेर उडाली की किंकाळी ठरलेली) आणि मातीत शिरते. फार खोल नाही, वरच्या दोन-चार बोटांत. तिथे कोष. दहा-बारा दिवसांनी नवी माशी. एक मादी आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. मार्चमध्ये थोड्या असलेल्या माश्या जूनपर्यंत किती होतात, हिशोब तुम्हीच करा.

इथे आजीचा नियम समजतो. हापूसवाले आंबा झाडावर पिकू देत नाहीत. तयार पण कडक, हिरवा असताना झेल्याने काढतात आणि आढीत पिकवतात. त्यांचा बराचसा माल मेच्या मध्यापर्यंत उतरलेला असतो. आमचा रायवळ मात्र झाडावरच पाडाला येतो, तोही मेअखेर-जूनमध्ये. म्हणजे माश्यांची संख्या सगळ्यात जास्त, ओलावा त्यांना मानवणारा, आणि फळ नेमकं मऊ. पाऊस अळ्या करत नाही. पाऊस येतो तेव्हा त्यांचीही वेळ झालेली असते. आजी बरोबर होती, कारण तेवढं चुकलं होतं.

पहिल्या वर्षी मी काय केलं? सापळा आणला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा आमच्या भागात बऱ्याच लोकांना माहीत आहे. प्लास्टिकचं भांडं, आत प्लायवूडचा ठोकळा, त्याला मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक लावलेलं. झाडाच्या सावलीत, डोक्याच्या उंचीला टांगायचा. दुसऱ्याच दिवशी आत माश्यांचा खच! मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. आणि जूनमध्ये आंबे कापले तर जवळपास तेवढेच किडलेले.

का? कारण तो खच सगळा नरांचा होता. मिथिल युजेनॉलवर नर वेडे होतात. ते त्याला चाटतात, आणि ते खाल्लेला नर माद्यांना जास्त आवडतो. ही गोष्ट भारतातच कळली, बरं का. बिहारमध्ये पुसा इथे काम करणाऱ्या हाउलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये नोंदवलं की डास पळवायच्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर धावत येतात. पुढे १९१५ मध्ये त्यातलं नेमकं द्रव्य सापडलं. आपल्या तुळशीतही ते असतं. पानं चुरगाळून ठेवा, एखादा पाहुणा येईलही.

मग नर मारून उपयोग नाही का? आहे, पण सगळे मारले तर. पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या बेटावर हेच द्रव्य आणि विष लावलेले तुकडे विमानातून टाकले होते. १९६५ पर्यंत तिथली फळमाशी संपली. पण ते बेट होतं. आमचं परसू बेट नाही. माझ्या सापळ्यातून वाचलेला एकच नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या आवाटातून आधीच फळलेली मादी आली तर ती सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि खरी चूक वेगळीच होती, माझी स्वतःची. किडलेले आंबे मी इतकी वर्षं कुठे टाकत होते? झाडापासून वीस पावलांवर, खताच्या ढिगात. मऊ माती, ओलावा, भरपूर खाणं. माश्यांसाठी याहून चांगलं बाळंतघर मी मुद्दाम बांधलं असतं तरी जमलं नसतं.

दुसऱ्या वर्षापासून एकच काम रोज केलं. पडलेला प्रत्येक आंबा सकाळी उचलायचा. चांगला असो, सडका असो, अर्धा खारीने खाल्लेला असो. सडके जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, आठवडाभर कडक उन्हात. आत अळ्या शिजतात. पाऊस सुरू झाला की ऊन मिळत नाही, मग दोन फूट खोल खड्डा. वरवर पुरलं तर काही उपयोग नाही, माशी मातीतून वर येते. झाडाखालची माती अधूनमधून कुदळीने हलवायची, कोष वर येतात आणि कोंबड्या ते टिपतात. आमच्या कोंबड्या आता कुदळ दिसली की धावत येतात.

सापळा आजही आहे, पण फळं कोवळी असतानाच, मार्चमध्ये लावते, आणि आतला ठोकळा पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे बदलते. त्यावर विष आहे, लहान पोरांच्या हाताला लागणार नाही असा टांगा. तुमच्याकडे बुटकं कलम असेल तर तुम्ही नशीबवान: फळ अंड्याएवढं झालं की त्याला कागदी पिशवी बांधा, मादीची सुई आत पोचतच नाही. आमच्या रायवळाच्या शेंड्याला पिशव्या बांधायला माकडच हवं. फवारणीबद्दल विचारणाऱ्यांनो, अळी आत गेल्यावर बाहेरून औषध मारून तिला काही होत नाही. ते औषध मग आपणच खातो.

हे फक्त माझ्या परसापुरतं नाही. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतातला आंबा घेणं बंद केलं, तारीख नेमकी १ मे. कारण पेट्यांमध्ये सापडलेल्या फळमाश्या. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली. तोवर एक अख्खा हंगाम गेला होता.

तर आता आमचं काय? मागच्या जूनमध्ये दहात दोन किडलेले निघाले. शून्य नाही. वाडीत अजून चार झाडं अशी आहेत की ज्यांच्याखाली कुणी आंबा उचलत नाही, आणि माशीला कुंपण नसतं. त्यातल्या एका झाडाच्या मालकिणीला, आमच्या काकूंना, मी अळीची उडी दाखवली. त्या "शी!" म्हणाल्या आणि घरात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नातू आमच्या दारात उभा, हातात सडक्या आंब्यांची बादली: "ताई, आजीने विचारलंय, ती काळी पिशवी आहे का अजून?"