उलटसुलट 'टेनेट'

लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या घरी ख्रिस्तोफर नोलनचा 'टेनेट' (२०२०) परवा दुसऱ्यांदा लावला. पहिल्या वेळी अडीच तासांत हाती लागली ती फक्त मुंबईतली डिंपल कपाडिया!

"नाव उलटं वाचलं तरी तेच; आमच्या कन्नडातल्या 'विकटकवि'सारखं," धाकटी म्हणाली आणि वाट सापडली. लाल रंग म्हणजे काळ सरळ, निळा म्हणजे उलटा. सुरुवातीला ऑपेरागृहात नायकाला वाचवणाऱ्याच्या पाठपिशवीला लालसर दोरा दिसतो. शेवटी तोच दोरा नीलच्या पिशवीला! नीलची मैत्री तिथे संपते, नायकाची अजून सुरू व्हायची असते.

मागे अर्ध्यातून उठून गेलेले मामा डोळे पुसत म्हणाले, "इन्नोम्मे हच्चु."

पुन्हा ऑपेरागृह लावले.