उपवासाची साखर आणि साबुदाण्याची खिचडी

मधुमेहाच्या ओपीडीत हल्ली रुग्ण मोबाइल पुढे करतात, ‘डॉक्टर, ॲपवर असं लिहिलंय.’ इंग्रजीत तयार झालेली ही ॲप आता मराठी बोलू लागली, हे चांगलेच. पण अशाच एका ॲपने ‘फास्टिंग शुगर’चे ‘उपवासाची साखर’ केले होते. ते वाचून एक आजी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन रक्त द्यायला आल्या. भाषेच्या हिशेबाने त्या बरोबरच होत्या. आपल्या उपवासाला वरी, रताळी, बटाटा, शेंगदाणे सगळे चालते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च!

या तपासणीआधी किमान ८ तास पाण्याखेरीज काहीही पोटात जायला नको. रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त आली, तर मधुमेहाची शक्यता धरून पुन्हा खात्री करतात. खिचडीनंतरचा आकडा याच मोजपट्टीवर ठेवला, तर नसलेला आजार पदरी पडेल. आधीपासून मधुमेह असलेल्याच्या गोळ्या उगाच वाढतील आणि मग साखर एकदम खाली जाण्याचा धोका. घराघरांत ‘अनशापोटी’ हा नेमका शब्द आहे, तो वापरायचा.

हे मराठीपुरते नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील औषध दुकानांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १३ संगणक प्रणालींनी तयार केलेल्या ७६ स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्यांत दोष होते, बहुतेक ठिकाणी भाषांतर अर्धवट. इंग्रजीतला ‘वन्स’, म्हणजे एकदा, तसाच राहिला तर काय होते पाहा. त्याच अक्षरांचा शब्द स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’, म्हणजे अकरा. दिवसातून एकदाची गोळी अकरा वेळा!

भाषांतर तपासण्यासाठी मजकूर पुन्हा इंग्रजीत उलटा फिरवून पाहण्याची पद्धत आहे. ‘उपवास’ त्या परीक्षेत सहज पास होतो, कारण उलटे भाषांतर ‘फास्टिंग’च येते. म्हणून ॲप बाहेर काढण्याआधी पाच-दहा रुग्णांना सूचना वाचायला देऊन ‘आता तुम्ही नेमके काय कराल?’ हे विचारायला हवे. कंपन्यांना हे खर्चिक वाटत असेल, मला नाही वाटत.

तोवर वाचकांनी एवढे पाहावे: अनशापोटी म्हणजे चहाही नको, बिनसाखरेचासुद्धा. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी त्या सकाळचा डोस कधी घ्यायचा, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.