बोटीचं मशीन अडलं, तर आधी काय बघाल?

आज आपण बोलणार आहोत बोटीच्या मशीनबद्दल. मी बी.ए. झालेली बाई, इंजिनातलं मला काय कळणार, असं मलाही वाटायचं. पण सिंधुदुर्गात आमचा बचत गट खाडीत पाहुण्यांना कांदळवन दाखवायला नेतो. मशीन बंद पडलं की त्या दिवसाची कमाई बुडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

एकदा सहा पाहुणे बोटीत होते आणि ओहोटी लागली होती. दहा मिनिटं छान चाललेलं मशीन गचके देत बंद पडलं. दोरी ओढून ओढून हात सोलले, पण ते काही सुरू होईना. बोट खाडीच्या मुखाकडे वाहत निघाली. सोबत वल्ही होती, म्हणून कशीबशी काठाला लागलो. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलकाकांनी टाकीवर नजर टाकली आणि म्हणाले, "अगो, टाकयेक वारो खंयसून गावतलो?" टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आम्ही उघडलाच नव्हता! पेट्रोल संपत गेलं तशी आत हवा जायला हवी. ती गेली नाही, म्हणून पेट्रोल पुढे सरकेना. स्क्रू उघडला आणि मशीन सुरू झालं.

तेव्हापासून आम्ही दोरीशी झटत बसत नाही. क्रमाने बघतो.

पहिलं, लाल दोरीची क्लिप. ती बटणाला नीट लागलेली नसेल, तर कितीही ओढा, मशीन सुरू होणार नाही.

दुसरं, पेट्रोल. हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळी मुडपली आहे का? नळीवरचा रबरी गोळा दाबून बघा. तो घट्ट झाला पाहिजे. चालत्या मशीनचा गोळा आत चेपलेला दिसला, तर टाकीकडूनच पेट्रोल अडलं आहे असं समजा. पेट्रोल जुनं आहे का, तेही बघा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं. पावसाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल मशीनला घालू नका. टू-स्ट्रोक मशीन असेल तर ऑइल पुस्तकात दिलेल्या मापानेच मिसळा. ५०:१ सांगितलं असेल, तर एका लिटरला २० मिली. अंदाजाने जास्त ओतलं की धूर होतो आणि प्लग काळा पडतो.

तिसरं, चोक. मशीन गरम झाल्यावरही चोक ओढलेलाच राहिला, तर ते धूर सोडतं, अडखळतं.

चौथं, प्लग. मशीन थंड झाल्यावर काढा. काळा, ओला असेल तर पुसून कोरडा करा. एक नवा प्लग आणि पाना बोटीत कायम ठेवा. पेट्रोलजवळ विडी-काडी नको.

पाचवं, पाणी. मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते. तेच पाणी मशीन थंड ठेवतं. धार थांबली तर लगेच मशीन बंद करा. खालच्या जाळीत चिखल किंवा प्लास्टिक अडकलं असेल, ते काढा. तरी धार येत नसेल, तर आतला पाण्याचा पंप बघावा लागेल. ते काम मेकॅनिकचं.

सहावं, पंखा. आवाज मोठा पण बोट पुढे जात नाही, तर पंख्याला पिशवी किंवा जाळ्याचा दोर गुंडाळला असेल. हात घालण्याआधी मशीन बंद करा आणि क्लिप काढून खिशात ठेवा.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर पुस्तकात सांगितलंय तसं मशीन गोड्या पाण्याने आतून धुवा. मीठ साचलं की पाण्याच्या वाटा बुजतात.

आणि मैत्रिणींनो, मशीन कितीही चांगलं असलं तरी वल्ही आणि प्रत्येकीला लाइफजॅकेट असल्याशिवाय जेटी सोडू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत टाकी मध्ये ठेवा आणि हवेचा स्क्रू प्रत्येकीने आपल्या हाताने उघडून बघा. एकीलाच येऊन भागत नाही, त्या दिवशी बोटीवर कोण असेल ते कुणी सांगावं?